कारंज्याकडे तोंड

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. वर्ध्याहून आर्वीकडे निघालात की वाटेत लागतं, एसटी थांबते, कापूस निघाला की ट्रॅक्टरांनी रस्ता तुंबतो, एवढं पुरे. नाव सांगितलं तर भैयाजींची माणसं माझ्या दारात येऊन बसतील. त्यांना मी भीत नाही, पण त्यांच्यासाठी चहा टाकायची माझी मुळीच इच्छा नाही.

भैयाजी म्हणजे आमचे नगरसेवक. गावात जे काही नवं होतं त्यावर ज्यांचा फोटो असतो ते. आमच्या बगिच्याच्या फाटकावर सध्या काळ्या ग्रॅनाइटची पाटी आहे आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलंय, 'संकल्पना : भैयाजी'. ती पाटी दिसली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बगिचा माझ्या लग्नाच्या आधीचा. भैयाजी तेव्हा बाहीला शेंबूड पुसत असतील. संकल्पना कसली डोंबलाची? पाटीवर नाव लावायचंच होतं तर एका बाईचं लावायला हवं होतं, आणि ती बाई त्याच पाटीखाली टोपली घेऊन बोरं विकत बसते.

भागीरथा उईके तिचं नाव. गोंडांच्या टोलीतली. उन्हाळ्यात रानातली चारं-टेंभरं, पावसाळ्यात उकडलेल्या शेंगा, थंडीत बोरं, असं काहीबाही तिच्या टोपलीत असतं. गावात तिला सगळे ओळखतात आणि बरेचजण तिच्या तोंडाला घाबरतात. कोणी विचारलं, "बोरं गोड आहेत का वं?" तर म्हणते, "मी काय बोराच्या आत जाऊन बसली होती? खाऊन पाहाय, मंग मलेही सांग." आंबट निघालं तर परत घेत नाही. आपल्या लेकीशी, रूपाशी, ती गोंडीत बोलते, त्यामुळे गिऱ्हाइकाबद्दल दोघी काय बोलतात ते कळत नाही, आणि ते बरंच आहे. मी वयाने तिच्यापेक्षा थोडी लहान, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. मी तिला मावशी म्हणते, ती मला मास्तरीणबाई म्हणते.

तिची गोष्ट सांगायची तर बगिच्याची सांगावी लागते, कारण दोन्ही एकच आहेत.

बगिच्याच्या जागी पूर्वी कापसाच्या जिनाचं आवार होतं. थेट रोहण्याकडून कापसाच्या बंड्या यायच्या, आणि आपला नंबर लागेपर्यंत बैल सोडून गाडीवान उत्तरेच्या भिंतीशी पडून राहायचे. बैलांना सावली हवी म्हणून जिनवाल्याने तिथे कडुनिंबाची रांग लावली आणि पाण्याचा एक दगडी हौद बांधला. पुढे जिन बंद पडला. आवारात बेशरमाची झुडपं माजली, इतकी की आत कुत्रंसुद्धा जाईना. मग एकदा कोणाच्या तरी मनात आलं की गावाला बगिचा पाहिजे.

त्यासाठी पुण्याकडचे एक इंजिनिअर साहेब आले. त्यांचं नाव आता कोणालाच आठवत नाही, सगळे 'साहेब'च म्हणतात. माणूस हौशी असावा. हौदाच्या कडेला उभं राहून त्यांनी काडीने मातीत सगळा बगिचा काढून दाखवला. मधोमध गोल कारंजं. चारी बाजूंनी त्याच्याकडे येणाऱ्या सरळ वाटा, वाटांच्या कडेला मेंदी. कारंज्याच्या अलीकडे, म्हणजे फाटकाच्या बाजूला, सिमेंटच्या बाकांची एक ओळ. पलीकडे, निंबांच्या बाजूला, दुसरी. माणसं दोन्हीकडून बसतील, मध्ये पाणी उडेल, एकमेकांना पाहतील, गावात मोकळेपणा येईल, असा त्यांचा विचार. विचार वाईट नव्हता. फक्त त्या विचारात बाया कुठे बसतील, आणि कशा बसतील, हे नव्हतं.

बाकं बांधायचं काम तानबा मिस्त्रीकडे होतं. जाताना साहेब जीपमधून त्याला म्हणाले, "तानबा, लक्षात ठेव, सगळ्या बाकांची तोंडं कारंज्याकडे."

झालं. जीप गेली.

आता आमच्याकडे पाणी उडवणाऱ्या त्या वस्तूला फवारा म्हणतात. कारंजं हा शब्द पुस्तकातला. आणि कारंजा आमच्या तोंडात रोजचा, कारण ते आमच्याच जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, कारंजा घाडगे. तानबाची बहीण तिथे दिलेली. तो दिवाळीला, राखीला कारंज्याला जायचा. त्यावेळी फवाऱ्याच्या जागी नुसता खड्डा होता. तानबाने विचार केला की कारंजा उत्तरेला, म्हणजे साहेबाला बाकं उत्तरमुखी पाहिजेत. तोंडावर ऊन येणार नाही. शिकलेला माणूस आहे, बराबर बोलून राह्यला. आणि त्याने अलीकडची ओळ उत्तरेला तोंड करून बांधली, पलीकडची ओळही उत्तरेला तोंड करून बांधली. अलीकडच्या बाकांसमोर खड्डा आला, म्हणजे तीच बरोबर ठरली. पलीकडच्या बाकांनी मात्र खड्ड्याकडे पाठ केली आणि निंबाच्या रांगेकडे, भिंतीकडे तोंड केलं.

साहेब परत आले तेव्हा काय झालं हे मला स्वतः तानबानेच सांगितलंय. तो गेला आता. जिवंत होता तोवर दर वेळी नव्याने सांगायचा आणि दर वेळी स्वतःच हसायचा.

साहेब म्हणाले, "अरे, मी कारंज्याकडे सांगितलं होतं."

"कारंज्याकडंच हाय ना सायेब."

"कुठे आहे कारंज्याकडे?"

तानबाने भिंतीपलीकडे हात केला. "हे काय, सरळ. मधात काई आडवं नाई."

साहेबांना हे समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते हसले नाहीत. पलीकडची सगळी बाकं फोडा आणि फिरवून बांधा, असा त्यांनी हुकूम केला. तानबाने घण उचलला.

आणि तिथे भागीरथा बसलेली होती.

भागीरथा या कामावर रेजा होती, म्हणजे रेती, विटा, मसाला डोक्यावर वाहणारी बाई. नवरा जंगू रानात बांबू तोडायच्या कामाला गेलेला. रूपा तेव्हा अंगावर पिणारी, निंबाच्या फांदीला झोळी करून तिला टांगलेलं असायचं. लेकरू रडलं की भागीरथेने जायचं कुठे? रेतीच्या ढिगामागे बसलं तर तिकडून ट्रकवाले बघायचे. विटांच्या मागे बसलं तर मुकादम काही ना काही कारण काढून तिकडेच फिरायचा. या बाईला पदराखाली कोंबून लेकराला पाजावं लागायचं, उन्हात, घामाने निथळत, आणि लेकरू गुदमरून अजून रडायचं. मग पलीकडच्या ओळीतलं पहिलं बाक सुकलं, ती रूपाला घेऊन त्यावर बसली, आणि तिला पहिल्यांदा कळलं की इथे कोणीच बघत नाही. समोर निंब, त्यांच्यामागे भिंत, पाठीला सिमेंटची पाठ. तिने पदर बाजूला केला. लेकराच्या तोंडाला वारा लागला.

त्याच बाकामागे येऊन साहेब उभे राहिले. "बाई, उठा. हे बाक फोडायचं आहे."

तिने मागे वळून पाहिलं नाही. "लेकरू पिऊन राह्यलं, सायेब."

साहेब थांबले. लेकरू पीत राहिलं. मग भागीरथेने कूस बदलून त्याला दुसरीकडे घेतलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. तानबा घण घेऊन तसाच उभा.

"किती वेळ लागेल?"

"तिलेच इचारा. मले काय माईत."

बाकाला वळसा घालून समोर जायला साहेबांना काय लागत होतं? दोन पावलं टाकली असती आणि म्हणाले असते, ऊठ. ती रेजा होती, हे साहेब होते. कोणी काही बोललं नसतं. पण ते गेले नाहीत. तानबा सांगायचा, साहेब खाली आपल्या बुटांकडे पाहत उभे राहिले, मग हळूच म्हणाले, "राहू दे ही बाकं," आणि निघून गेले. माणूस चुकला असेल, त्याच्या नकाशात बाया नव्हत्या हेही मी म्हणते, पण या एका गोष्टीसाठी मी त्यांना मानते.

फवारा उद्घाटनाच्या दिवशी उडाला, आणखी थोडे दिवस कुंथत राहिला, आणि मग त्यात बेडक्या झाल्या. अलीकडच्या बाकांवर पुरुषमंडळी बंद फवाऱ्याकडे तोंड करून पत्ते कुटू लागली. तानबाला गावाने 'कारंजा मिस्त्री' हे नाव चिकटवलं. आणि पलीकडची बाकं बायांची झाली.

तसा कोणी नियम केला नव्हता. वाटेवरून जाणाऱ्याला तिथे नुसत्या पाठी दिसायच्या, अंबाडे दिसायचे. भिंतीकडे जायचं त्याला काही कारण नसायचं. बाजाराच्या दिवशी खेड्यांवरून आलेल्या बाया एसटीची वेळ होईपर्यंत तिथे बसायच्या. चपला काढून पाय वर घ्यायच्या, लेकरं पाजायच्या, डबा उघडायच्या, तंबाखूची डबी काढायच्या. नापास झालेल्या पोरी तिथे यायच्या. दवाखान्यात कोणाला भरती करून आलेल्या यायच्या. नागपूरची मोठाली गार्डनं मी पाहिली आहेत. पाहायला छान आहेत. पण जिथे आपल्याला कोणी पाहत नाही अशी बाईसाठी केलेली जागा मला एकाही गार्डनात दिसली नाही. ती आमच्या गावात एका शब्दाच्या घोळातून झाली, आणि भागीरथा उठली नाही म्हणून राहिली.

माझंच सांगते. माझं माहेर नाचणगावचं. आई गेली तेव्हा माझ्या सासरी दिराच्या लग्नाचे पाहुणे भरलेले. मातीहून परत आले ती तशीच स्वयंपाकघरात. सासूबाई म्हणाल्या, शुभकार्याचं घर आहे, डोळे पुसून ये. मी भाजी आणायच्या निमित्ताने निघाले आणि त्या बाकावर जाऊन बसले. दुसऱ्या टोकाला भागीरथा होती. मी पदर तोंडात कोंबून रडत होते. ती म्हणाली, "मोकळी रड, मास्तरीणबाई. कारंज्यापर्यंत आवाज जात नाई." मी रडता रडता हसले. मग पोटभर रडले. तिने काही विचारलं नाही. जाताना माझ्या पिशवीत शेंगा टाकल्या, भाजीवाचून परत गेले असते तर घरी बोलणी बसली असती म्हणून.

अशी ती बाकं. आणि आता भैयाजींना बगिच्याचं सुशोभीकरण सुचलं.

सुशोभीकरण या शब्दाचीच मला धास्ती बसली आहे. तो ऐकला की समजावं, कुठेतरी सावली कापली जाणार आणि प्लॅस्टरचं हरीण उभं राहणार. नागपूरहून सुमीत नावाचा एक मुलगा डिझायनर म्हणून आला. बोलायला गोड, वागायला नम्र, हातात टॅब. बगिच्यातच चार लोकांना बोलावून त्याने चित्रं दाखवली. संगीत कारंजं, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट, गावाच्या नावाची मोठी लाल अक्षरं. शेवटी म्हणाला, "आणि मेन म्हणजे या बेंचेसचं ओरिएंटेशन चुकलंय. यांना व्ह्यूच नाहीये. ते आपण करेक्ट करतोय."

मी उठले. मला बसवेना. मी त्याला तानबाची सगळी गोष्ट सांगितली, लेकराला पाजणाऱ्या भागीरथेची सांगितली, आणि म्हटलं, बाळा, व्ह्यू नाही म्हणूनच तर बाया तिथे बसतात. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, काय भारी स्टोरी आहे. याचं आपण भिंतीवर पेंटिंग करू."

म्हणजे बाकं काढणार आणि बाकांचं चित्र लावणार. यावर काय बोलायचं माणसाने?

भैयाजी मात्र बोलले. "ताई, हे आपन बायांच्या सुरक्षेसाठीच करून राह्यलो. फवाऱ्याच्या खांबावर कॅमेरा बसते. बाया पाठ करून बसल्या तर कॅमेऱ्यात तोंडं कशी येतील? उद्या काई झालं तर मलेच म्हनान."

मी विचारलं, "इतक्या वर्षांत त्या बाकांवर काही झालंय का?"

"होऊ शकते ना," भैयाजी म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या माना डोलावणाऱ्यांत एकही बाई नव्हती, आणि त्यांतला एकही जण पलीकडच्या बाकावर कधी बसला नव्हता. बसायचं ज्यांना, त्यांना कोणी विचारलं नाही. संताप येतो तो याचाच.

जेसीबी आला त्या दिवशी रूपाने मला बोलावून नेलं. रूपा माझ्याच जुन्या शाळेत पोषण आहार शिजवते, आता तिलाही लेकरं आहेत. धावत आली होती. "बाई, चला. माय जाऊन बसली."

भागीरथा टोपली फाटकाशी टाकून आत गेली होती आणि त्याच पहिल्या बाकावर बसली होती. पाय वर घेऊन, लुगडं गुडघ्यांवर ओढून गुडघे चोळत. उभा जन्म डोक्यावर वजन वाहून तिचे गुडघे गेले आहेत. खाली मांडी घालून बसली तर दोघांनी धरून उठवावं लागतं. बाकामागे जेसीबी धडधडत होता. ठेकेदाराची माणसं होती, भैयाजी आले होते, आणि त्यांच्यासोबत मोबाईलवर त्यांचे व्हिडिओ काढणारा निकेश.

भैयाजी मागूनच म्हणाले, "आजी, उठा. काम करू द्या."

ती वळली नाही. "बसली हाय, बाबू."

"किती वेळ बसान?"

"गुडघ्याले इचार."

मला तिथे उभ्या उभ्या धीर आला. सगळं तेव्हासारखंच होतं. तेच बाक, तीच बाई, मागे उभा असलेला साहेब. मला वाटलं, आता हेही खाली बुटांकडे पाहतील आणि म्हणतील, राहू दे.

निकेश बाकाला वळसा घालून समोर गेला. काही विशेष करतोय असंही त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. उघड्या गुडघ्यांच्या त्या म्हातारीसमोर त्याने मोबाईल धरला आणि म्हणाला, "आजी, इकडं पाहा. बोला, काय प्रॉब्लेम हाय तुमचा? थोडं मोठ्यानं बोला."

मी ओरडले त्याच्यावर. रूपा धावली. पण कोणी दुसरा हलला नाही, आणि भैयाजी हसत होते, आपलं कौतुकाचं पोरगं काहीतरी गंमत करतंय असं.

एका आंबट बोरासाठी गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी भागीरथा त्याला एक शब्द बोलली नाही. तिने लुगडं खाली ओढलं, पदर डोक्यावरून तोंडावर घेतला, रूपाच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठली. माझ्याजवळून जाताना म्हणाली, "त्या सायेबाले लाज होती, मास्तरीणबाई. म्हनून बाक राह्यलं. मले वाटे, मी बसली म्हनून राह्यलं."

जेसीबीने मागे बाक उचललं, तो आवाज अजून कानात आहे. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावभर फिरला, वर गाणं लावून, खाली हसणारी तोंडं लावून. माझ्या शेजारणीने मला तो दाखवला आणि विचारलं, तुमच्या ओळखीच्या ना या? मी म्हटलं, हो, माझ्या ओळखीच्या आहेत, आणि यात हसण्यासारखं काय आहे ते मला समजावून सांग. तिने मोबाईल आत ठेवला.

बगिचा झाला. पाटी लागली. कारंजं गाण्यावर लाल-हिरवं होऊन उड्या मारायला लागलं. पलीकडची सगळी बाकं फिरवून पक्की केली, आता दोन्ही ओळींची तोंडं कारंज्याकडे, साहेबांच्या नकाशात होती तशी. भागीरथा बरेच दिवस आली नाही. रूपा म्हणाली, माय घरातून निघत नाई, म्हन्ते लोकं तोंड पाहून हसतात.

मग एका बाजाराच्या दिवशी रूपाच तिला धरून घेऊन आली, आणि मीही फाटकाशीच होते. खेड्यांवरच्या बाया नेहमीसारख्या आत गेल्या आणि फिरवलेल्या बाकांसमोर उभ्या राहिल्या. समोर कारंज्यापाशी पोरांचे थवे, सगळ्यांचे मोबाईल वर, खांबावर कॅमेरा. बसायचं कसं? एक रोहण्याकडची पोरसवदा आई होती, लेकरू किंचाळत होतं. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि सरळ बाकामागे जाऊन खाली मातीत बसली. बाकाच्या पाठीला मागून पाठ टेकवली. समोर निंब, त्यांच्यामागे भिंत. पदर बाजूला केला. तिच्या शेजारी दुसरी बसली, मग तिसरी. बघता बघता सगळी ओळ बाकांमागे मातीत बसली आणि डबे उघडले. खांबावरच्या कॅमेऱ्याला आता रिकामी बाकं दिसत होती.

रूपा म्हणाली, "माय, चाल, तूही."

भागीरथेने त्या मातीकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्यांकडे. तिच्यासाठी मी घरून खुर्ची आणायला निघाले, तर पहारेकरी म्हणाला, खुर्च्या आत अलाऊड नाहीत. मी त्याच्याशी भांडत होते तेवढ्यात ती बाकाच्या पुढच्या बाजूला आली आणि मधोमध बसली. कारंज्याकडे तोंड करून. कॅमेऱ्याकडे तोंड करून. सगळं गाव ज्या तोंडाला हसलं तेच तोंड, डोक्यावर पदरसुद्धा नाही.

मी जवळ जाऊन म्हटलं, "मावशी, इथे कशाला? तिकडे सावलीत उभी तरी राहा."

"उभं राहून काय करू? आन इकडून कोनी येते काय, हे पाहाले पाह्यजेन ना कोनी," ती म्हणाली. "त्याइले मांगं दिसत नाई."

तेव्हापासून दर बाजाराला ती तिथे बसते. बाकाच्या त्या बाजूला बाया, या बाजूला ती.

परवा भैयाजी पाहुण्यांना बगिचा दाखवायला घेऊन आले. निकेश होताच. त्याला फोटो वेगळा हवा होता. पुढे बाकं, मागे उडणारं पाणी, असा. त्यासाठी बाकांमागे जायला हवं. तो भागीरथेसमोर आला आणि, पाहुणे होते म्हणून असेल, पुस्तकातला शब्द वापरून म्हणाला, "आजी, पाय घ्या जरा. मागे जाऊ द्या. कारंज्याचा फोटो घ्यायचा हाय."

तिने पाय हलवले नाहीत. त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कारंज्याले जाचं हाय काय तुले? मंग इकडून रस्ता नाई, बाबू. स्टँडावरून गाडी भेटते."

बाकामागून एकदम हसू फुटलं. पंधरावीस बाया असतील, पण दिसत कोणीच नव्हती, नुसतं सिमेंट हसत होतं. पाहुणे इकडेतिकडे पाहायला लागले. निकेश मोबाईल धरून उभा राहिला. वळसा घातला असता तर दोन पावलं होती. भागीरथा त्याच्या डोळ्यांत पाहत होती आणि डोळे मिटत नव्हती. शेवटी त्याने मोबाईल खिशात घातला आणि मान खाली करून गेला.

मीही हसले. घरी येईपर्यंत हसत होते. मग चहा टाकताना लक्षात आलं, की बाकामागे सगळ्या हसत होत्या तेव्हा भागीरथा त्यांच्यात नव्हती. जिने ती जागा राखली तिलाच आता त्या जागी बसता येत नाही. तानबाने बांधलेलं, तिने राखलेलं ते बाक फिरवून यांनी साहेबाचा नकाशा पुरा केला, आणि अख्ख्या गावाच्या बायांत कारंज्याकडे तोंड करून बसते ती एकटी भागीरथा. याचा मला राग येतो, आणि तो कोणी शांत करायला येऊ नये.